आजारी कुत्र्याला घर द्यावे काय?



मे महिना संपत आला की पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवरील शॅक उतरवले जातात. पर्यटक निघून जातात, कामगार आपापल्या मुलखाला परततात आणि हंगामभर ताटातले उष्टे खाऊन वाढलेली कुत्री मात्र तेथेच राहतात. पाऊस लागला की त्यांच्या पोटाला आधार नसतो आणि अंगाला आडोसा नसतो. अन्नाच्या शोधात ती रस्त्यावर येतात व त्यांतील काही वाहनाखाली सापडतात.

गेल्या पावसाळ्यात रविवारच्या मिस्सेनंतर एक वयस्क विधवा भगिनी आम्हांला भेटावयास आली. तिच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली एक लहानशी कुत्री होती. कंबरेला मार बसल्यामुळे तिचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. "फादर, हिला घरी ठेवू काय?" असे तिने विचारले. आम्ही घाईत होतो. आम्ही म्हणालो, "बाई, घरात माणसांच्या औषधाला पैसा पुरत नाही, त्यात हा खर्च कशाला?" ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "पैशांचे मी बघेन, फादर. हिला रस्त्यावरून उचलली ते चुकले काय, तेवढे सांगा." त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा देता आले नाही. आज ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या म्हणण्याला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आधार नव्हता असे नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की, जो पैसा प्रथम माणसांचे दुःख निवारण्यासाठी जावयास हवा तो जनावरांवर उधळणे योग्य नव्हे. पण त्याच परिच्छेदात त्याच्या आधी असेही म्हटले आहे की, जनावरांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. आम्ही अर्धी शिकवण सांगितली व अर्धी विसरलो. पैसा प्रथम कोणाचा, हे पहिले वाक्य सांगते. डोळ्यांसमोर तडफडणारा जीव ओलांडून पुढे जावे, असे ते कोठेही म्हणत नाही.

पवित्र शास्त्रात तोबियासच्या लांबच्या प्रवासात त्याचा कुत्रा जाताना सोबत आहे आणि परततानाही सोबत आहे. दारिद्र्याने पिचलेल्या लाजरसाच्या फोडांजवळ श्रीमंत फिरकला नाही, कुत्री मात्र आली. संत रॉक प्लेगने आजारी पडून रानात एकटे राहिले तेव्हा एक कुत्रा त्यांच्यासाठी भाकर आणीत असे, अशी परंपरा आहे, म्हणूनच त्यांच्या मूर्तीच्या पायाशी कुत्रा दिसतो. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री आहेत आणि भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव आहेत. परमेश्वराच्या निर्मितीविषयीची ही जाण आपल्या मातीला नवी नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच गोष्ट जगापुढे पुन्हा मांडली.

कोणी म्हणेल, हे सारे भक्तिभावाचे झाले, व्यवहाराचे काय? व्यवहाराचे उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. २०१३ साली 'मिशन रेबीज' हे काम येथे सुरू झाले व पुढे सरकार त्यात सामील झाले. दारोदार व रस्तोरस्ती हिंडून वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचण्यात आली. शाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे हे शिकवले गेले. राज्यात तीन वर्षे रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांना मारून हे साधले नाही, त्यांची काळजी घेऊन साधले. कुत्र्याच्या मानेत टोचलेली सुई शेवटी आपल्याच लेकराचे रक्षण करते. तेव्हा माणसाची सेवा आणि जनावराची सेवा या दोन एकमेकींच्या वैरिणी आहेत, हे आमचे त्या दिवशीचे गृहीतच चुकीचे होते.

तरीही आम्ही सर्वांना सरसकट "घ्या" असे म्हणणार नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. केवळ कळवळ्याने आणलेले आणि महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर सोडलेले जनावर दुप्पट दुःख भोगते. म्हणून आजारी कुत्रे घरी आणण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट वेळेची. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला बहुधा लघवीचाही ताबा राहत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट हलक्या हाताने दाबून ती काढावी लागते, आणि ते कसे करावे हे पशुवैद्याकडून समक्ष शिकून घ्यावे लागते. लघवी साचून राहिली तर मूत्रमार्गात संसर्ग होतो. दर काही तासांनी कूस बदलावी, अंथरूण मऊ व कोरडे ठेवावे, नाहीतर हाडांच्या जागी जखमा पडतात. आपल्या दमट पावसाळ्यात त्या लवकर चिघळतात. घरात हे कोण करणार, आणि ती व्यक्ती आजारी पडली तर कोण करणार, हे आधी ठरवा.

दुसरी गोष्ट औषधाची. फेफरे येणाऱ्या कुत्र्याला गोळी रोज ठरलेल्या वेळी द्यावी लागते, बहुधा जन्मभर. बरे वाटते म्हणून ती एकाएकी बंद केली तर झटके अधिक जोराने उलटतात. झटका आला असता तोंडात हात अथवा चमचा घालू नये, आसपासच्या वस्तू दूर कराव्यात व घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. आपल्या घरातील दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन त्याला विषासमान आहे आणि पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते. गुरांच्या गोचिडांचे औषध तसेच्या तसे लहान कुत्र्याच्या अंगाला चोळणे हेही धोक्याचे आहे. गोचिडांपासून होणारा ताप आपल्याकडे वारंवार आढळतो. कुत्रे खाईनासे झाले, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आले, तर थांबू नये.

तिसरी गोष्ट अन्नाची. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे वर्ज्य. फेस्ताच्या दिवशी प्रेमाने दिलेला चोरिसाचा तुकडाही नको. भात व बिनमसाल्याची उकडलेली मासळी, काटे काढून, चालते. तीन पायांच्या कुत्र्याचे वजन वाढू देऊ नये, कारण उरलेल्या पायांवर सारा भार येतो. एरवी तीन पायांचे कुत्रे काजूच्या बागेतही मजेत हिंडते व अनोळखी माणूस आला तर इतरांइतकेच भुंकते.

चौथी गोष्ट घरच्यांच्या आरोग्याची. नव्या कुत्र्याला जंताचे औषध व रेबीजची लस देणे हे पहिले काम. लस पुढे पशुवैद्य सांगतील त्या वेळी नेमाने टोचून घ्यावी. नसबंदीही करून घ्यावी. खरूज असेल तर ती बरी होईपर्यंत मुलांना जवळ झोपवू नये. अंगणातील विष्ठा रोज उचलावी, कारण अनवाणी फिरणाऱ्या मुलांना त्यातून जंत होतात. कुत्रा चावला वा ओरबाडला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. कुत्रा घरचा आहे म्हणून चालढकल करू नये.

एक गोष्ट शहरातील वाचकांसाठी. २००३ साली एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे लहान कुत्रे झळकले आणि देशभर त्याची हौस पसरली. चपट्या नाकाच्या या जातीला आपल्या उकाड्यात धाप लागते, डोळे दुखतात, कातडीच्या घड्यांत संसर्ग होतो. हौस फिटली की अशी कुत्रीही रस्त्यावर येतात. विकत घेण्याऐवजी निवाऱ्यातील एखादे गावठी, अधू कुत्रे घरी आणावे असे आम्ही सुचवू. गोव्यात अशा संस्था आहेत. त्यांपैकी 'इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू' ही आसगावची संस्था १९९८ साली सुरू झाली. कुत्रे आणताना आजाराची पूर्ण माहिती व औषधांचा कागद मागून घ्यावा. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांसंबंधी दिलेल्या आदेशात, प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेता येतील, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी त्यांचीच राहील, असे म्हटले आहे. कायद्याने आता सांगितले ते सदसद्विवेकाने केव्हाच सांगितले होते.

आणि जे जनावर बरे होणार नाही, ज्याच्या वेदना औषधानेही थांबत नाहीत, त्याला पशुवैद्याच्या हातून शांत मरण देणे हे पाप नव्हे. तो निर्णय कठीण असतो. तो घेणाऱ्यास कोणी नावे ठेवू नयेत.

धर्मग्राम म्हणून आपल्यालाही काही करता येईल. एकट्या वृद्ध माणसाला इस्पितळात जावे लागले तर त्याचे जनावर दोन दिवस सांभाळणारे एखादे घर प्रत्येक वाड्यावर असावे. फेस्ताला कानठळ्या बसवणारे फटाके कमी करावेत. त्यांनी आजारी माणसे, तान्ही मुले व कुत्री सारखीच भेदरतात. आणि चार ऑक्टोबरला, संत फ्रान्सिस यांच्या सणाला, जनावरांना आशीर्वाद देण्याबरोबर लसीकरणाचेही शिबिर ठेवावे. त्यासाठी पाटो येथील पशुसंवर्धन खात्याकडे विनंती करण्याचा आमचा विचार आहे.

त्या भगिनीने कुत्री घरी ठेवली. ती पुन्हा चालू लागली नाही. पण तिच्या जखमा भरल्या आहेत आणि नातवाने पाइपांच्या तुकड्यांना खेळण्यातील चाके लावून तिच्यासाठी गाडी केली आहे. तोच मुलगा शाळेला जाण्यापूर्वी व आल्यावर तिचे सारे करतो. पूर्वी तो आजीचे औषधही विसरत असे. आता दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात, वेगवेगळ्या कप्प्यांत, तो स्वतः लावून ठेवतो.

तिने जो प्रश्न विचारला होता त्याचे आमचे उत्तर हे: बाई, तुमचे चुकले नाही. तुम्हांला काय कमी पडते हे न विचारता आम्ही तुम्हांला परत पाठवले, ते चुकले.