वेळापत्रकात न लिहिलेली कामं

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी आधी माझ्याच चुकीपासून सुरू करते.

गेल्या जूनमध्ये वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेत दहावी-बारावीच्या मुलींसाठी एक दिवसाचं शिबिर घेतलं. विषय नेहमीचाच : ध्येय ठरवा आणि त्याला चिकटून राहा. मी फळ्यावर जिद्द, चिकाटी, नियोजन असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले. प्रत्येकीने वहीत आपलं ध्येय लिहिलं, पट्टी घेऊन रोजचं वेळापत्रक आखलं. संध्याकाळी मुली गाणी म्हणत घरी गेल्या आणि आम्ही कार्यकर्त्याही खूश.

ऑगस्टपर्यंत बहुतेक वेळापत्रकं वहीतच राहिली. एक मुलगी आठवीत शाळा सुटलेली, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारी. तिने लिहिलं होतं : मार्चमध्ये एका दमात सगळे विषय काढायचे, त्यासाठी रोज पहाटे पाच ते सात गणित. दोन महिन्यांत तिचं एक प्रकरणसुद्धा झालं नव्हतं. मी चिडून म्हटलं, "तुला मनापासून शिकायचंच नाहीये." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वहीचं मागचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. साडेचार ते सहा नळाला पाणी, दोन हंडे आणि एक पिंप. आई धुणंभांड्याच्या कामाला सहाला निघते, त्याआधी तिचा डबा. मग भावाचा डबा. धाकटीची वेणी. खाली लिहिलं होतं, "ताई, यात गणित कुठे घालू?"

मला उत्तर सुचलं नाही. पण तेव्हापासून ध्येयाबद्दल आपण जे काही बोलतो ते मला खटकायला लागलं आहे. ज्याचं वेळापत्रक त्याचेच तास, असं आपण गृहीत धरतो. मुलीच्या बाबतीत ते खरं नसतं. तिच्या तासांवर घरातल्या प्रत्येकाचा हक्क असतो, तिचा सोडून. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, लोकांचा वेळ कशात जातो याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आणि या पाहणीत सहा वर्षांपुढच्या सगळ्यांचा हिशोब होता, म्हणजे शाळकरी पोरीसुद्धा त्यात आल्या. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, आरक्षित आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं झालं. पण फी माफ झाली तरी भांडी माफ झाली नाहीत.

मोबाइलवर तासन्‌तास घालवणाऱ्या मुली आमच्याकडेही आहेत आणि त्यांना मी बोलतेच. पण आळस कुठला आणि ओझं कुठलं, हे बघितल्याशिवाय बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. नवऱ्यालाच बायकोने शिकावं असं वाटत होतं, तरी घरातल्या बायकांनी त्यांचा किती छळ मांडला होता ते त्यात वाचायला मिळतं. बायकाच बायकांच्या आड येतात, असं म्हणून आपण अशा ठिकाणी पुढे जातो. जरा थांबून विचार करू या. घरातली एक बाई वाचत बसली की तिचं काम कुणावर पडतं? दुसऱ्या बाईवरच ना? आजच्या आईचंही तेच. मुलीला पहाटेचे दोन तास द्यायचे म्हणजे सहाला कामावर जाणाऱ्या आईने साडेचारला एकटीने हंडे भरायचे. असा वेळ मला नको आहे. मुलीचा अभ्यास आईच्या कंबरेवर चालणार असेल तर आपण त्याला त्याग वगैरे नाव देऊन टाळ्या वाजवू नयेत. घरात आणखी दोन माणसं आहेत, त्यांना हात आहेत.

म्हणून एका रविवारी पालकांना बोलावलं. भाषण केलं नाही, मुलींनी आपापली मागची पानं वाचून दाखवली. बाप मंडळी आधी हसली, मग गप्प झाली. या मुलीचा भाऊ एकोणीस वर्षांचा. म्हणाला, मी रात्री उशिरा कामावरून येतो. आई म्हणाली, मी पण येते की. बरीच घासाघीस होऊन ठरलं, आठवड्यातून चार दिवस पाणी तो भरेल.

आणि मग मुलीने आपलं ध्येय स्वतःच बदललं. मार्चमध्ये बाकीचे विषय काढायचे, गणित राहिलं तर पुरवणी परीक्षेला. माझा चेहरा पडला, खोटं कशाला सांगू! मला ती माघार वाटली. पण तिची शाळा कधी थांबवायची हे दुसऱ्यांनी ठरवलं, तिने पोळ्या कधी लाटायच्या हेही दुसरेच ठरवतात. आपल्या हातात किती तास आहेत हे मोजून, त्यात काय बसेल ते तिने पहिल्यांदा स्वतः ठरवलं होतं. जूनमध्ये माझ्यासमोर लिहिलेलं ध्येय मला आवडेल म्हणून लिहिलेलं होतं, असं आता वाटतं.

आपल्या संघटनांनाही एक विचारायचं आहे. ८ मार्च ऐन दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत येतो. मोर्चाला आपल्याला मुली हव्या असतात, फलक रंगवायला हव्या असतात, पथनाट्यात तर हव्याच असतात. त्यांचे तास आपणही न विचारता घेतो, आणि वर त्याला चळवळ म्हणतो. यंदा आम्ही दहावी-बारावीच्या मुलींना तयारीतून वगळलं आहे. गर्दी कमी दिसेल. दिसू दे.

भावाने पाणी भरलं की ती वहीच्या त्याच मागच्या पानावर एक रेघ मारते. परवा मी मोजल्या. जानेवारीत अकरा होत्या. "सोळा व्हायला हव्या होत्या," ती म्हणाली आणि वही घेऊन भावाशी भांडायला गेली.