पिस्तूल ग्रिप की खांद्याचा दस्ता?
पीक संरक्षणाच्या परवान्यावर बाराबोर घेणार असाल, तर नुसत्या पिस्तूल ग्रिपच्या नादाला लागू नका. दिसते भारी, पण बार निघाला की सगळा धक्का मनगटावर. नळीच्या टोकाला नेमासाठी एकच मणी असतो, मागचं काम आपला डोळा करतो. गाल दस्त्याला टेकला तरच डोळा दर वेळी त्याच जागी येतो. वन खात्याची परवानगी असली तरी कमरेवरून बार काढून काय होणार? रानडुक्कर जखमी होऊन उसात शिरतं, अन् सकाळी त्याच उसात आपलाच माणूस पाणी पाजायला जातो!

दस्ता मात्र मापाचा घ्या. लांब असला तर थंडीत जर्किनमध्ये अडकतो. दुकानात जर्किन घालूनच बंदूक खांद्याला लावून बघा.