पळसाला पळस म्हणा

फेब्रुवारी लागला की एकच रील मला दहा जण पाठवतात. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळची गुलाबी झाडं, खाली फुलांचा सडा, मागे संथ गाणं आणि वर मजकूर: 'जपानला कशाला जायचं? हा बघा आपला चेरी ब्लॉसम!' पुण्यात हाच मजकूर टेकड्यांवरच्या फोटोंना चिकटतो. मी पुण्यात नोकरी करतो, आठवडाभर स्क्रीनसमोर बसतो आणि रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर चालायला जातो. गुलाबी बहर बघून मलाही बरं वाटतं. माझं झाडांशी काही भांडण नाही, त्या मजकुराशी आहे.

विक्रोळीचं झाड टॅबेबुया आहे. मूळ मध्य अमेरिकेतलं. एल साल्वादोर देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष. पुण्याच्या टेकड्यांवर ज्याच्याखाली सेल्फी निघतात ते बऱ्याचदा ग्लिरिसिडिया असतं, तेही तिकडचंच. लवकर वाढतं म्हणून वनीकरणात भरपूर लावलं गेलं. त्याला मराठीत गिरिपुष्प म्हणतात आणि उंदीरमारीही म्हणतात. आता 'उंदीरमारीखाली आम्ही दोघं' असं कॅप्शन कोण टाकणार? म्हणून चेरी.

कुणी म्हणेल, नावात काय ठेवलंय, बघून आनंद होतोय ना? आणि परदेशी झाडांना विरोध म्हणजे पुन्हा तेच 'आपलं आणि परकं'. तर तो विरोध मी करत नाहीये. मिरची, भुईमूग, सीताफळ, देवळापुढचा पांढरा चाफा ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आली. गुलमोहर मादागास्करचा. आपण त्यांना नावं दिली, ठेच्यात कुटलं, देवाला वाहिलं. ती आपली झाली, कारण आपण त्यांची ओळख करून घेतली. 'चेरी ब्लॉसम' म्हणताना नेमकं उलटं होतं. समोरच्या झाडाचं नाव विचारायची गरजच संपते. फोटो निघतो आणि माणूस पुढे जातो.

याच आठवड्यांत त्याच टेकडीवर पळस फुललेला असतो. काटेसावर असते, पांगारा असतो. पुढे चैत्रात कडुनिंबाचा बारीक पांढरा फुलोरा येतो, रस्त्याकडेचा करंज फुलतो. त्यांच्यापाशी गर्दी होत नाही. त्यांना जपानी नाव मिळालेलं नाही ना!

मी जिंतूर तालुक्यातला. आमच्या जिल्ह्यात जंगल नावापुरतं. राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांमध्ये परभणीचं नाव येतं. त्यामुळे आमचा वसंत बांधावर असतो. परभणीचा उरूस फेब्रुवारीत भरतो, त्या सुमारास पळसाला काळपट मखमली कळ्या दिसायला लागतात. कापूस वेचून झालेला, तूर निघालेली, रान मोकळं आणि मध्येच पान नसलेला, पोपटाच्या चोचीसारख्या केशरी फुलांनी भरलेला पळस. साळुंक्या आणि शिंजीर त्यातला मध प्यायला येतात. आजी याच्या पानांच्या पत्रावळी लावायची. रंगपंचमीला आम्ही फुलं उकळून रंग करायचो आणि तो आठवडाभर कपड्यांवरून जायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी होळीला गावी गेलो तर बांधावरचे सातही पळस नव्हते. अण्णांनी जेसीबी लावून बांध साफ करून घेतला होता. मी चिडलो. अण्णा म्हणाले, "टॅक्टर फिरत नव्हता. आता दोन तासं जास्तीची बसली की. अन् पाडून सहा महिने झाले, तुला आज दिसलं व्हय?"

सहा महिने. म्हणजे दिवाळीत मी त्याच बांधावरून फोनवर बोलत चाललो होतो आणि सात झाडं नाहीत हे मला दिसलं नव्हतं. फुलायच्या दिवसांतच मला पळस दिसायचा. एरवी तो नुसता 'झाडं' होता. अण्णांनी निदान हिशेब तरी केला होता. मी तर बघितलंच नव्हतं. आणि त्याच्या आदल्या वसंतात विक्रोळीचं रील मीसुद्धा पुढे पाठवलं होतं.

म्हणून म्हणतो, नावात बरंच काही आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अटही आली. तोडण्याआधी नोटीस निघते, हरकती मागवल्या जातात. आता हरकत घ्यायची तर कुठलं झाड, कुठे आहे, किती जुनं आहे हे सांगावं लागतं. 'आमचा चेरी ब्लॉसम तोडू नका' असा अर्ज करून बघा! शिवाय हा कायदा नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीपुरता. बांधावरच्या पळसाला तोही आधार नाही. त्याला फक्त ओळखणाऱ्या माणसाचा आधार.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून आम्ही स्वतःवरच हसतो, कारण त्यातला विनोद आम्हाला कळतो. 'आपला चेरी ब्लॉसम' म्हणणाऱ्यांना मात्र आपण विनोद करतोय हेच कळत नाही. आणि जपानकडून काही घ्यायचंच असेल तर त्यांची वही घ्या. क्योतोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. म्हणूनच २०२१मध्ये २६ मार्चला पूर्ण बहर आला तेव्हा त्यांना ठामपणे सांगता आलं, की बाराशे वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता. हवामान बदलतंय हे त्यांना फुलांच्या तारखांतून दिसतं. आपण म्हणतो, 'यंदा पळस लवकर फुलला वाटतं.' वाटतं! तारीख कुणाकडे आहे?

हे आपल्याकडे जमणार नाही असंही नाही. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिलं ते मुंबईसारख्या महानगरात राहून, महिन्यामहिन्याची झाडं बघत. ते पुस्तक १९५६चं. आज आपल्या खिशात कॅमेरा आहे, जीपीएस आहे, झाडांच्या बहराच्या नोंदी घेणारं 'सीझनवॉच'सारखं ॲप आहे. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचं एक झाड धरा. त्याचं नाव भाजीवालीला, वॉचमनला, आजीला विचारा. पानं कधी गळली, पहिली कळी कधी आली ते लिहा. फुललेलं नसतानाही त्याच्याकडे बघा. रील टाकाच, पण खाली झाडाचं खरं नाव आणि तारीख टाका. उंदीरमारी असेल तर उंदीरमारी लिहा.

पळस चिवट असतो, मुळांतून पुन्हा फुटतो. यंदा बांधावर तीन ठिकाणी गुडघाभर फुटवे आलेत. मी फोटो काढले, तारीख लिहिली आणि म्हटलं, "अण्णा, यातला एक तरी राहू द्या."

अण्णा म्हणाले, "बघू. टॅक्टरला आडवा नाही आला तर राहील."