वही भरली, पण पोराला लिहिता येतंय का?

तासगाव : आमच्या भावकीतली एक पोरगी सध्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायला जाते. ती अजून शिक्षिका नाही. डी.एल.एड.च्या, म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणतो त्याच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या आठवड्यातला तिचा अनुभव ऐकला आणि वाटलं, हा विषय तालुक्यातल्या प्रत्येक पालकाचा आहे.

तिनं फळ्यावर 'माझी शाळा'ची पाच वाक्यं लिहिली. पोरांनी सुंदर उतरवून घेतली. मग तिनं फळा पुसला आणि म्हणाली, "आता सकाळी काय खाल्लं ते लिहा." वर्ग एकदम गप्प. एकानं 'भाकरी' एवढंच लिहिलं. सगळ्यात देखणं अक्षर असलेली मुलगी तर कोरी वही घेऊन बसली. तिच्या घरी कानडी बोलतात, आईवडील द्राक्षबागेत कामाला आहेत. फळ्यावरचं ती चित्र काढावं तसं काढत होती.

दुसऱ्या एका पोरानं लिहिलं, 'आमी काल रानात गेल्तो.' बाईंनी लाल पेनानं खोडून 'आम्ही गेलो होतो' केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दोनच शब्द लिहिले. ती सांगत होती, "काका, चूक माझी झाली. आधी तो काय सांगतोय ते वाचायला पाहिजे होतं." आता ती एका वेळी एकच चूक दाखवते. आधी पोराला बोलायला लावते, तेच त्याच्यासमोर लिहून दाखवते, मग त्याला लिहायला सांगते. परवा एकानं 'पप्पा बलोर घिऊन बागेत गेले' असं लिहिलं. ब्लोअरमधलं जोडाक्षर चुकलं, पण वाक्य त्याचं स्वतःचं होतं.

आता हे फक्त एका शाळेचं आहे का? मला तसं वाटत नाही. 2021 मध्ये केंद्रानं निपुण भारत सुरू केलं. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि हिशोब करता यावा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. पण गावात चर्चा होते ती मिनिटाला किती शब्द वाचले याची. दुसरीला 45 ते 60 शब्द. ते घड्याळ लावून मोजता येतं. पोराचं स्वतःचं वाक्य असं मोजता येत नाही. ते बसून वाचावं लागतं, आणि दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना तेवढा वेळ कुठून मिळणार? फळ्यावरून उतरवलेलं तपासायला सोपं असतं. सरकारनं 2023-24 पासून पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, 2025-26 पासून ती बंदही केली. पानं वाढली काय, कमी झाली काय, त्यावर पोरगं स्वतःचं काय लिहितंय हा प्रश्न तसाच राहिला.

आपणही कमी नाही. मी स्वतः पोराची वही बघताना अक्षर मोत्यासारखं आहे का, पान भरलंय का, एवढंच बघत आलो.

आपल्याकडं यात हंगामाची भर पडते. ऑक्टोबर छाटणीला मजुरांची कुटुंबं येतात, पोरं मधेच शाळेत दाखल होतात, काम संपलं की दुसरीकडं जातात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्षात कधीही प्रवेश मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण पटावर नाव आलं म्हणून पाटीवरचं ग म भ न पुढं सरकत नाही. त्या पोराजवळ कुणीतरी बसावं लागतं.

ते बसणं सध्या ही शिकाऊ बाई करते. नियमानं डी.एल.एड.ला 20 आठवडे शाळेत काम करावं लागतं, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. अध्यापक विद्यालयांनी एका तुकडीचे आठवडे संपताच त्याच वर्गात दुसरी पोरं पाठवली, तर हे काम मधेच तुटणार नाही. यासाठी नवीन पैसा लागत नाही, वेळापत्रक लावावं लागतं. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तर पालकच जास्त असतात. महिन्याच्या बैठकीत रंगरंगोटी आणि खिचडीवर बोलणं झालं की दुसरी-तिसरीच्या पाच वह्या मागवाव्यात. उतरवलेल्या नकोत, पोरांनी मनानं लिहिलेल्या.

आमच्या पोरीचे आठवडे डिसेंबरात संपतात. त्यानंतर त्या वह्या परत दोन वर्गांच्या गुरुजींच्या टेबलावर जाणार आहेत.