विमापत्रातील चुकीचे नाव

मोटारीचा विमा उतरविला की दारव्ह्याचा वाहनधारक निश्चिंत होतो. अर्ज एजंटाने भरलेला असतो. विमापत्र भ्रमणध्वनीवर येते आणि न वाचताच तेथे पडून राहते. त्यातील चूक उजेडात येते ती अपघातानंतर.

मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाख रुपये करण्यात आली. तो दगावल्यास ती नामनिर्देशित व्यक्तीस मिळावयाची. ही व्यक्ती बहुधा पत्नी, आणि आपल्याकडे तिची नावे दोन! विमापत्रावर माहेरचे व आधारपत्रावर सासरचे नाव असले, की दुःखात बुडालेल्या घराने प्रतिज्ञापत्रांसाठी यवतमाळची वाट धरावी काय?

जुनी गाडी घेणाऱ्याने तर अधिकच जपावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १५७ व्या कलमान्वये त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीस ते कलम लागू नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. नावबदलाचा अर्ज चौदा दिवसांच्या आत करावयाचा असतो. येथे पुष्कळांचे वर्ष उलटून जाते.

वस्तुतः दुरुस्ती अवघड नाही. नोंदणीपुस्तक व ओळखपत्र जोडून लेखी अर्ज केला की कंपनी दुरुस्तीपत्र, म्हणजे 'एन्डॉर्समेंट', देते व ते विमापत्राचाच भाग ठरते. मात्र चूक एजंटाच्या हातून झाली असेल, तर तिचे शुल्क ग्राहकाकडून घेणे आम्हांस सर्वस्वी गैर वाटते. कंपन्यांनी ते घेऊ नये, आणि विमापत्रासोबत नाव, पत्ता व नामनिर्देशन यांचा तपशील मराठीत द्यावा.