उत्तर ठाऊक होतं, पण…

३ जुलै २००० ही तारीख मला चांगली आठवते. लग्न होऊन मला जेमतेम दीड महिना झाला होता. रात्रीचे नऊ वाजले आणि घर एकदम चिडीचूप झालं. ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं होतं. सासरे आरामखुर्चीत, दीर आणि आमचे ‘हे’ दिवाणावर, सासूबाई भिंतीला टेकून आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. एक डोळा तव्यावर, एक टीव्हीवर.

मग रोजचाच नेम झाला. सोमवार ते गुरुवार, नवाच्या ठोक्याला. असंच एकदा पेशवाईतला काहीतरी प्रश्न आला. इतिहास घेऊन बी.ए. झालेली मी! पर्याय वाचून व्हायच्या आत उत्तर माझ्या ओठांवर आलं. मी ते बोललेही, पण कसं? पुटपुटल्यासारखं. पाच-सात सेकंदांनी तेच उत्तर दिरांनी खणखणीत आवाजात सांगितलं. सासरे म्हणाले, “वा! शाब्बास!” आणि तव्यावरची पोळी करपली म्हणून मला सासूबाईंकडून, “अगं, लक्ष कुठंय?”

दिरांचा यात काहीच दोष नव्हता. त्यांनी माझं उत्तर चोरलं नव्हतं, त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते कुणाला ऐकू जावं अशी माझी तरी कुठे तयारी होती? चुकलं असतं तर? नवी सून, आणि शहाणपणा दाखवते असं कुणाला वाटलं असतं तर?

गंमत बघा, त्याच दिवशी, त्याच वाहिनीवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिकाही सुरू झाली. आमच्याकडे आपोआप वाटणी होऊन गेली. नवाचा कार्यक्रम पुरुषांचा, साडेदहाची मालिका बायकांची. असा नियम कुणी केला नव्हता. पण नऊ वाजता बायकांनी मध्ये बोललं की “थांब जरा, ऐकू दे” असं व्हायचं आणि साडेदहाला पुरुष उठून झोपायला जायचे. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच असेल, नाही का?

त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी एक कोटी जिंकले. आपला मराठी मुलगा म्हणून आम्हाला कोण आनंद झाला! पण त्या खुर्चीत एकटीने खेळून एक कोटी जिंकणारी पहिली बाई दिसायला २०१० साल उजाडावं लागलं. झारखंडमधल्या गिरिडीहच्या राहत तस्लीम त्या. पुढे २०१३ मध्ये सनमीत कौर साहनी या मुंबईच्या गृहिणीने तर पाच कोटी जिंकले. मग मधली दहा वर्षं काय झालं होतं? बायकांना उत्तरं येत नव्हती? मला नाही तसं वाटत. मला वाटतं, अनेकजणी माझ्यासारख्याच उंबऱ्यात उभ्या होत्या.

आता आपल्याच महाराष्ट्रातल्या दोघींविषयी सांगते. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपये मानधनावर. एक कोटीचा प्रश्न होता, १८५७ च्या बंडाचे अनुभव सांगणारं ‘दास्तान-ए-गदर’ हे पुस्तक कुणी लिहिलं? उत्तर, झहीर देहलवी. इतिहासाची पदवी असूनही मला ते आलं नसतं, हे इथे कबूल करते. त्यांना आलं. त्याच्या पुढच्या, सात कोटींच्या प्रश्नावर त्यांनी खेळ सोडला. उत्तराची खात्री नसेल तर मिळवलेलं पणाला लावायचं नाही, हेही शहाणपणच की!

दुसऱ्या कोल्हापूरच्या कविता चावला. गृहिणी, शिक्षण बारावीपर्यंत. २००० सालापासून त्या या कार्यक्रमात जायचा प्रयत्न करत होत्या. एकदा तर अगदी खुर्चीच्या जवळ पोचून परत आल्या. तरी सोडलं नाही आणि २०२२ मध्ये एक कोटी जिंकले. बावीस वर्षं, मैत्रिणींनो! आपण साधा शिवणाचा क्लास दोन महिन्यांत सोडतो.

या दोघींचं कौतुक झालं, भरभरून झालं. पण त्या कौतुकातला एक सूर मला खटकला. आमच्या कॉलनीत तर किती जणांच्या तोंडी ऐकला! “अहो, खिचडी करणारी बाई! तिला कसं काय माहीत?” असं म्हणण्यात कौतुक किती आणि अविश्वास किती? एखाद्या प्राध्यापकाने एवढे पैसे जिंकले असते तर “त्यांना कसं काय माहीत?” असं कुणी विचारलं असतं का? ज्या हाताला झारा आहे त्या हाताला पुस्तक शोभत नाही, असं आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं आहे. वाईट याचं वाटतं, की बायकांच्याच मनात ते जास्त पक्कं बसलंय.

सामान्यज्ञान म्हणजे काही आभाळातून पडत नाही. ते रोज थोडं थोडं साचतं, विरजण लागल्यासारखं. त्याला रोजचा वेळ लागतो. आता घरात येणाऱ्या वर्तमानपत्राचाच प्रवास बघा. सकाळी ते आधी सासऱ्यांकडे, मग नवऱ्याकडे. खेळाचं पान मुलगा ओढून नेतो. दुपारी दोन वाजता ते बाईच्या हातात येतं तेव्हा शब्दकोडं सोडवून झालेलं असतं आणि पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल उठलेला असतो. तेवढ्यात झाकपाक, निवडणं-टिपणं, दारावरची बेल. कितीतरी बातम्या मी फडताळात कागद घालताना वाचल्या आहेत. महिन्यापूर्वीची बातमी, तीसुद्धा अर्धी, कारण उरलेली डब्याखाली गेलेली! आता मोबाइल आला म्हणतात. पण मोबाइलवर आपल्याला काय येतं? सुप्रभातचे फुलांचे फोटो आणि पाककृती. तेही आपणच एकमेकींना पाठवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या बचत गटांसाठी आम्ही ८ मार्चला असाच प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम ठेवला. म्हटलं, दरवर्षी संगीत खुर्ची आणि उखाणे असतातच, यंदा जरा वेगळं करू. पहिलं बक्षीस कुकर. समाजमंदिर भरलेलं. मी माइकवर विचारलं, “भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती कोण?” सगळीकडे शांतता. एकही हात वर नाही. प्रतिभाताई पाटील आपल्या जळगावच्या, २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, सगळ्या पेपरांत फोटो. तरीही हात वर नाही! पुढचा प्रश्न, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पुन्हा तेच. सगळ्या एकमेकींकडे बघून पदराआड हसताहेत.

मला वाटलं, फसला कार्यक्रम. मग आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी युक्ती काढली. प्रत्येकीला कागदाचा कपटा दिला आणि सांगितलं, उत्तर लिहा, नाव लिहू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीच्या कानात सांगा. चिठ्ठ्या उघडल्या आणि आम्ही थक्क झालो. निम्म्याहून जास्त बरोबर! कळसूबाई तर जवळजवळ सगळ्यांनी लिहिलेलं. म्हणजे उत्तर होतं, फक्त आवाज नव्हता.

मग आम्ही ‘मैत्रिणीला विचारा’ ही लाइफलाइन ठेवली. त्यानंतर काय विचारता! ज्या बायका माइकवर चकार शब्द बोलत नव्हत्या, त्या मैत्रिणीशी एवढ्या मोठ्याने वाद घालायला लागल्या की शेवटी मलाच “हळू, हळू” म्हणावं लागलं.

त्या दिवसाचा शेवटचा प्रश्न मात्र मी अजून विसरलेले नाही. विचारलं होतं, “वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो, बरोबर की चूक?” बऱ्याच जणींनी ‘चूक’ लिहिलं. मी समजावून सांगितलं, की हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, लग्न झालं म्हणून तो जात नाही. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कायदा झाला त्या दिवशी वडील हयात होते की नाही यावर हा हक्क अवलंबून नाही.

कार्यक्रम संपला. सतरंज्या गोळा करताना एक चाळिशीच्या बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “ताई, मागच्या वर्षी भावाने तहसीलजवळ बोलावलं होतं. चहा पाजला, साडी घेतली आणि कागदावर सही घेतली. मी विचारलंच नाही कसला कागद ते. हक्कसोड म्हणतात तो तोच असेल का हो?”

मी काय बोलणार? त्यांना वकिलांकडे घेऊन गेले. पुढची गोष्ट लांबलचक आहे आणि ती गोड नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की काही प्रश्नांची उत्तरं वेळेवर माहीत नसतील तर बाईचं आख्खं शेत जातं. आणि माहीत असूनही विचारायचं धैर्य नसेल तरीही जातंच. “दादा, हा कागद कसला आहे?” एवढे पाचच शब्द होते ते.

आता कुणी म्हणेल, देशांच्या राजधान्या आणि सिनेमांची सालं पाठ करून कुणी शहाणं होतं का? हे मला शंभर टक्के मान्य आहे. २०११ मध्ये पाच कोटी जिंकणाऱ्या बिहारच्या सुशील कुमार यांनी २०२० साली स्वतःच लिहून सांगितलं, की जिंकल्यानंतरचा काळ आपल्यासाठी फार वाईट गेला. म्हणजे सगळे प्रश्न सुटले म्हणून संसाराचं गणित सुटतंच असं नाही. शिवाय याच कार्यक्रमाच्या नावाने ‘तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली’ असे मेसेज आणि फोन येतात. आधी कराचे पैसे भरा म्हणतात आणि भोळ्या माणसांना लुबाडतात. ज्या स्पर्धेत आपण भागच घेतला नाही, तिचं बक्षीस कसं लागेल? एवढं डोक्यात आलं तरी पैसे वाचतात. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची असते, हेसुद्धा सामान्यज्ञानच. मी तर म्हणेन, आपल्यासाठी तो कोटीचा प्रश्न!

म्हणून मला पाठांतराचं कौतुक नाही. मला हवी आहे ती सवय. वाचायची, विचारायची आणि उत्तर मोठ्याने सांगायची. टीव्हीवरच्या त्या खेळात पहिला पडाव ओलांडल्यावर उत्तर चुकलं तर माणूस मागच्या पडावावर येतो, काही ना काही घेऊन घरी जातो. आपल्याकडे बाईचं उत्तर चुकलं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात त्याची चेष्टा! मग ती कशाला तोंड उघडेल?

मैत्रिणींनो, मी फार मोठं काही मागत नाही. दिवसातली वीस मिनिटं पेपर आपला. सगळ्यांच्या आधी नको, पण फडताळात जायच्या आधी तरी! भिशीत, हळदीकुंकवात पाच प्रश्न आणि त्यातले दोन आपल्या हक्काचे. आणि घरात मुलगी काही चुकीचं बोलली तर हसायचं नाही, तिला पुन्हा सांगू द्यायचं.

परवाच आमच्याकडे सगळे मिळून असाच प्रश्नांचा कार्यक्रम बघत होतो. मी आता उंबऱ्यात नसते, सोफ्यावर बसते. प्रश्न आला आणि मी जोरात उत्तर ठोकून दिलं. साफ चुकलं! मुलगा खो खो हसला. मी म्हटलं, “चुकलं तर चुकलं. तू सांग की तुझं.” त्याला उत्तर येतच नव्हतं. आतून सासूबाईंचा आवाज आला. पंच्याहत्तरीच्या आहेत, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांचं उत्तर बरोबर होतं.

“आई,” मी म्हटलं, “इतकी वर्षं कधी बोलला नाहीत ते?”

त्या म्हणाल्या, “कुणी विचारलंच नाही गं.”