संगणकावर फोडलेले खापर

संगणक आला आणि हाताने काढलेली ॲनिमेशन-चित्रे संपली, असे विधान सुशिक्षितांच्या बैठकीत सहज केले जाते. मोटार आली आणि टांगा गेला, तसेच हे. त्यात हळहळण्यासारखे काय, असा त्यामागचा भाव असतो. विधान सुटसुटीत आहे, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. माझे म्हणणे असे की, या कलेचा घात संगणकाने केलेला नाही. तो माणसांनी केला, हिशेबाच्या टेबलावर बसून केला, आणि खापर मात्र यंत्रावर फोडले.

प्रथम या कलेची रीत पाहू. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. ८० मिनिटांच्या चित्रपटात सतत दिसणारे एक पात्र धरले, तर त्या एकट्याचीच ५७,६०० चित्रे होतात. ज्येष्ठ कलावंत हालचालीतील मोक्याची चित्रे काढतो, सहायक त्यांच्यामधली चित्रे भरतो, आणखी कोणी रेघा स्वच्छ करतो. ही नुसती श्रमविभागणी नव्हती, ती पाठशाळा होती. खालून उजेड येणाऱ्या काचेवर गुरूच्या दोन चित्रांमधले अंतर भरता भरता शिष्याला उमगत असे की, उडी घेण्यापूर्वी देह आधी दबतो आणि मान वळण्यापूर्वी डोळा वळतो. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून १९९४ च्या 'द लायन किंग'पर्यंत डिस्नेची परंपरा याच शिडीवर उभी होती.

संगणक या घरात वैरी म्हणून शिरला नव्हता. १९९० च्या 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'मध्ये हाताने काढलेली चित्रे संगणकावर रंगवली गेली आणि पारदर्शक सेलवर कुंचल्याने रंग भरण्याचे किचकट काम सुटले. १९९१ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये नृत्याचे दालन संगणकाने उभारले, त्यात नाचणारी जोडी मात्र पेन्सिलीने काढलेली होती. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला ॲनिमेशनपट. यंत्र आणि हात यांचे तेव्हा उत्तम जुळले होते.

१९९५ मध्ये संपूर्ण संगणकनिर्मित 'टॉय स्टोरी' आला आणि गाजला. तो गाजला कथेमुळे, पात्रांमुळे. त्याचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर हे स्वतः डिस्नेच्या जुन्या चित्रकारांच्या हाताखाली शिकलेले होते. परंतु वरिष्ठांनी निष्कर्ष काढला तो असा की, लोकांना पेन्सिल नको, संगणक हवा. २००२ मध्ये डिस्नेचा 'ट्रेझर प्लॅनेट' कोसळला. सुमारे १४ कोटी डॉलर खर्च आणि जगभरात मिळून जेमतेम ११ कोटींची मिळकत. झाले, निकाल लागला! पण त्याच वर्षी, त्याच कंपनीचा, तसाच हाताने काढलेला 'लिलो अँड स्टिच' सुमारे ८ कोटींत तयार होऊन २७ कोटींवर गेला होता. तो ज्या फ्लोरिडातील स्टुडिओने घडवला, तोच २००४ मध्ये बंद करण्यात आला. आता दुसरी बाजू पाहा. २०११ मध्ये संगणकावर घडवलेला 'मार्स नीड्स मॉम्स' सुमारे १५ कोटी डॉलर गिळून चार कोटीही मिळवू शकला नाही. तेव्हा 'संगणकाचे युग संपले' असे कोणी म्हटले काय? पेन्सिलीचा चित्रपट पडला तर दोष पेन्सिलीचा आणि संगणकाचा पडला तर दोष कथेचा, हा न्याय नव्हे.

हे मी केवळ परक्यांना उद्देशून लिहीत नाही. माझी नोकरी सरकारी कचेरीतली. आमच्या कार्यालयात संगणकावर नकाशे निघू लागले तेव्हा हाताने नकाशे काढणाऱ्या आरेखकांची पदे अनावश्यक ठरली. ती रद्द करण्याच्या टिपणावर माझीही सही आहे. कागदावर बचत दिसली. काही वर्षांनी एका हद्दीच्या वादात जुने नकाशे काढावे लागले, तेव्हा त्यांवरील बारीक खुणा वाचू शकणारा एकही माणूस कचेरीत उरला नव्हता. पद पुन्हा मंजूर करता येते. त्या पदावरचा हात मंजूर करता येत नाही. ही गोष्ट मला सही करण्यापूर्वी कळायला हवी होती.

डिस्नेलाही हाच धडा मिळाला. २००६ मध्ये पिक्सार विकत घेतल्यावर लॅसेटर यांच्याच आग्रहाने पेन्सिल परतली. २००९ चा 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' बऱ्यापैकी चालला. २०११ चा 'विनी द पू' मात्र अमेरिकेत 'हॅरी पॉटर'च्या शेवटच्या चित्रपटाच्याच दिवशी लावण्यात आला. त्याचे काय झाले ते सांगायला नको. २०१३ मध्ये भागधारकांना सांगण्यात आले की, हाताने काढलेला एकही चित्रपट तयार होत नाही. आणि २०२१ मध्ये? त्याच कंपनीने हस्तरेखांकन शिकण्यासाठी उमेदवार हवेत, अशी जाहिरात केली. जी शिडी आपणच मोडली, तिच्या पायऱ्या आता एक-एक करून शोधाव्या लागत आहेत.

ज्यांना हे यंत्रयुगाचे अटळ विधान वाटते, त्यांना माझा एक प्रश्न आहे. जपानमध्ये संगणक पोहोचला नाही काय? हायाओ मियाझाकी यांच्या २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'ने तेथील उत्पन्नाचा उच्चांक केला आणि तो २०२० पर्यंत टिकला. त्यांच्याच २०२३ च्या 'द बॉय अँड द हेरॉन'ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. तेथे संगणकाची मदत घेतली जाते, पण मूळ रेघ हाताची असते. तेथेही सारे आलबेल नाही, हे मान्य केले पाहिजे. मधली चित्रे भरणाऱ्या नवशिक्यांना मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो. तरीही शिडी शाबूत आहे. आयर्लंडमधील किलकेनीच्या कलावंतांनी २०२० मध्ये 'वुल्फवॉकर्स' काढून हेच दाखवले.

आपल्याकडेही ही परंपरा नव्हती असे नाही. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये तरुणांना शिकवले. त्यांतून राम मोहन यांच्यासारखे कलावंत घडले. विजया मुळे यांचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' आपल्या मुलांनी दूरदर्शनवर किती वेळा पाहिला असेल! २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांच्या 'हनुमान'ने चित्रगृहात प्रेक्षक खेचून आणला, तोही हस्तरेखांकित परंपरेतलाच. परंतु मध्यंतरी आपल्या स्टुडिओंनी बव्हंशी परदेशी मालिकांची मधली चित्रे भरण्यात आणि रंगवण्यात समाधान मानले. शिडीच्या खालच्या पायरीवर आपण राबलो, वरची पायरी मागितली नाही. परक्यांनी शिडी काढून घेतली तेव्हा आपल्या हाती काहीच उरले नाही. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

२०२५ च्या मार्चमध्ये लोकांनी आपापली छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करून मियाझाकींच्या शैलीत क्षणात बदलून घेतली. घराघरांत कौतुक झाले. पण ते यंत्र ज्या चित्रांवर पोसले, ती कोणाच्या तरी हाताने, वर्षानुवर्षे बसून काढलेली आहेत. बियाण्याचे धान्य दळून एक वर्ष पोटभर भाकरी मिळते; पुढच्या पेरणीला काय?

तेव्हा यंत्राला दूषणे देणे मला मान्य नाही आणि यंत्रापुढे हात जोडणेही मान्य नाही. आपली नातवंडे आज ॲनिमेशनच्या वर्गांना भरमसाट शुल्क भरून जात आहेत. प्रवेशापूर्वी त्या संस्थेत आपण स्वतः जावे आणि एवढेच विचारावे: संगणकापुढे बसवण्याआधी मुलांच्या हाती पेन्सिल किती महिने असते, आणि चित्रकलेचे शिक्षक कोण? उत्तर देता आले नाही, तर शुल्काचा धनादेश खिशातच ठेवून परत यावे.